वीस पन्नासांचा किलो

प्रभागाच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीखाली, एक काळा फळा होता. दर शनिवारी बारा वाजून गेले की पुरवठा मंडळाचा माणूस येऊन त्यावर तीन आकडे लिहायचा: शिधा किती वाटला, माणसं किती, आणि कमी वजनाची बाळं किती. पहिले दोन आकडे कुणी वाचत नसे, कारण घरच्या डब्यात हात घातला की ते कळायचेच. तिसरा मात्र सगळे वाचत. गेल्या वर्षी तो एकदा एकोणिसावर गेला होता. यंदा मंडळानं आधीच जाहीर करून टाकलं होतं की वर्षअखेरीला तो शून्य होणार. कसा, ते कुणी विचारलं नाही. मंडळानं आकडा जाहीर केला की तो येतोच, हे लोकांना अनुभवानं ठाऊक होतं. कुठल्या वाटेनं येतो, तेवढंच बघायचं असे.

या खेपेला तो काटेकाकूंच्या दुकानातून यायचा होता.

काटेकाकू म्हणजे प्रभागात वजनकाटे दुरुस्त करणारी बाई. वीज दिवसाला तीन तासांवर आली तेव्हा बॅटरीचे काटे मंडळानं सील केले, माळ्यावरचे जुने तराजू खाली उतरले आणि त्यांच्याबरोबर काकूंच्या नवऱ्याचेही दिवस पालटले. तो गेल्यावर परवाना आणि शिक्का काकूंकडे आला. शिक्का म्हणजे अंगठ्याएवढा पोलादी ठसा, पण तो पडल्याशिवाय प्रभागात एक मूठ धान्य तोलता यायचं नाही. काकूंचा हात असा बसलेला, की वस्तू तळव्यावर घेतली की दहा ग्रॅमच्या आत सांगत. जीभही तशीच होती, मात्र तिला दहा ग्रॅमची सवलत नव्हती. दुकानदार त्यांना दबून असत, आणि दुकानदारांच्या बायका मुद्दाम गप्पांना येऊन बसत.

सोमवारी सकाळी त्यांचा दीर हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. तो मंडळाचा निरीक्षक. वरचा साहेब काहीही बोलला तरी हा "बरोबर" म्हणायचा, म्हणून प्रभागानं त्याचं नाव बरोबरसाहेब ठेवलं होतं. त्यालाही ते माहीत होतं, आणि तो त्यावरही रागावत नसे.

"वहिनी, नवी प्रमाण वजनं आलीत," तो गाडीवरची पेटी उतरवत म्हणाला. "जुनी जमा करायची. शनिवारी सकाळी पोषण नोंद केंद्राच्या काट्यावर शिक्का पडला पाहिजे. दुकानं पुढच्या आठवड्यात."

"जुन्यांना काय धाड भरली?"

"जुनी झाली ना."

"लोखंड म्हातारं होतं होय? मला वाटलं फक्त आपणच होतो."

"परिपत्रक आहे, वहिनी." त्यानं कागद पुढे केला.

काकूंनी कागद घेतलाच नाही. पेटीतला किलो उचलला, खाली ठेवला, मग दुसऱ्या हातानं उचलला. शेवटी उलटा करून बूड बघितलं. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं ओतून वजन नेमकं करतात आणि शिशावर वर्षाचा ठसा मारतात. या किलोचं शिसं ताजं, चकचकीत होतं आणि भोकात नको तितकं खोल गेलं होतं.

"भाऊजी," काकू म्हणाल्या, "हा उपाशी आहे."

निरीक्षकानं मागे वळून दार लोटलं. "हळू बोला."

"किती काढलंय? शंभर?"

"मी काही काढलेलं नाही. मी फक्त पोचवतो."

"नऊशेचा किलो. धान्यही कमी द्यायचं आणि माणसंही जड भरवायची. डोकं चालवलंय कुणीतरी."

"असं बघू नका. सगळ्यांचंच सारखं कमी झालं म्हणजे कुणाचंच कमी झालं नाही. किलो कशाला म्हणायचं ते मंडळ ठरवतं. उद्या ठरवलं की आठवडा सहा दिवसांचा, तर सहा दिवसांचा. यात खोटं काय? व्याख्या बदलली इतकंच."

"बाळांना कळवलीत का व्याख्या?"

आतल्या खोलीत पाळण्याची कडी कुरकुरत होती. काकूंची लेक तिथं सतरा दिवसांच्या मुलीला घेऊन बसली होती. जावई सहा महिन्यांसाठी मंडळाच्या कालव्यावर कामाला गेलेला. लेकीला दूध पुरत नव्हतं, आणि पुरणार तरी कसं, तिच्या स्वतःच्याच ताटात काय होतं? महिन्याच्या आतलं बाळ अडीच किलोच्या आत भरलं तर मंडळ दुधाच्या पावडरीचा अर्ध्या किलोचा डबा द्यायचं, दर आठवड्याला, तीन महिने. अडीचच्या वर भरलं तर शुभेच्छांचं कार्ड. काकूंच्या तळव्यावर नात दोन किलो तीनशे भरत होती. नऊशेच्या किलोनं ती अडीचच्या वर पन्नासेक ग्रॅम जाणार होती, म्हणजे थेट शुभेच्छांत.

दिरालाही हा हिशेब येत होता. शेवटी तो याच घरात हे काम शिकलेला.

"नातीचं मी बघतो," तो हलक्या आवाजात म्हणाला. "शनिवारी तिला पहिली आणा, रांगेच्या आधी. दोन किलो चारशे लिहून टाकतो, डबा घरपोच येईल. पहिल्या आठवड्यासाठी तसेही चार डबे ठेवलेत, एकदम शून्य दिसायला नको म्हणून. तुम्ही फक्त शिक्का वेळेवर मारा."

"चार?"

"चार."

"मोजायच्या आधीच?"

"वहिनी, दादा असता तर त्यानं मारला असता."

"तुमचा दादा असता तर त्यानं आधी तुमचा कान धरला असता," काकू म्हणाल्या, आणि जुनी वजनं एकेक करून गाडीवर ठेवू लागल्या. पावती मात्र मागून घेतली.

तो गेल्यावर लेक बाहेर आली. दाराआडून सगळं ऐकलं होतं, आणि ते लपवायच्या फंदातही ती पडली नाही.

"शनिवारी किती वाजता न्यायचं?"

"रांगेत, सगळ्यांबरोबर."

"आई."

"काय आई?"

"काका डबा देतायत. आपण चोरी करत नाही, कुणाच्या तोंडचं काढत नाही. हिला अडीचच्या आत दूध मिळायचा हक्कच आहे. मग तो हक्क मागच्या दारानं आला म्हणून काय तो आंबतो?"

"आणि मी शिक्का मारल्यावर बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांच्या आयांनी बघावं. त्यांच्या घरात नाहीत का आज्या?"

"आहेत की. पण शिक्का नाही त्यांच्याकडे."

लेक आत जायला वळली. मग म्हणाली, "तुझं बरं आहे. रात्री तिला मांडीवर घेऊन मी बसते," आणि आत गेली. काकूंना हे लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी नवा किलो पुढ्यात ओढला आणि त्याच्याकडे सावत्र पोराकडे बघावं तसं बघत राहिल्या.

मग त्यांनी दीर पेटीवर ठेवून गेलेलं परिपत्रक वाचलं. मंडळाचं परिपत्रक शेवटपर्यंत वाचणारं माणूस प्रभागात बहुधा त्यांच्याखेरीज नव्हतं, आणि ज्यानं लिहिलं त्यानंही वाचलं नसावं. पहिल्या पानावर राष्ट्रीय आरोग्य, दुसऱ्यावर पुनर्प्रमाणीकरण, आणि तिसऱ्यावर काय जमा करायचं त्याची यादी: वीस किलो, दहा, पाच, दोन, एक, पाचशे, दोनशे, शंभर. तिथं यादी संपली होती.

काकूंनी हत्यारांचा खण उघडला. पाना, कानस, तेलाची बाटली, आणि कोपऱ्यात पन्नास ग्रॅमची दोन पितळी वजनं. ती भरीव असतात. त्यांना ना भोक, ना शिसं, पोखरून काढायला काही जागाच नाही. त्यांनी ती दोन्ही एका पारड्यात टाकली आणि दुसऱ्यात नवीन शंभर. शंभर वर गेला आणि तिथंच लटकत राहिला.

मंडळाकडून हे कसं राहिलं ते त्यांना लगेच कळलं. सहा वर्षं झाली, प्रभागात कुणी पन्नास ग्रॅम काही विकत घेतलंच नव्हतं. पन्नास ग्रॅम घ्यायच्या वस्तू म्हणजे चहा, मिरी, बडीशेप, केसांना लावायचं सुवासिक काहीतरी. त्या वस्तू आधी महाग झाल्या, मग शनिवारीच मिळू लागल्या, मग कुणी त्यांची नावंही घेईनासं झालं. वस्तू गेल्या तशी ती तोलायची वजनंही लोकांच्या डोक्यातून गेली. ज्यांनी ती चैन संपवली, त्यांच्याही.

मंगळवार ते शुक्रवार काकू एकेचाळीस दुकानं फिरल्या. पडताळणीपूर्व पाहणी, असं सांगितलं. हा शब्द त्यांनी वाटेतच बनवला होता, पण कचेरीतून आल्यासारखा वाटत असल्यामुळे कुणी शंका घेतली नाही. धान्यवाल्यानं पन्नासचं वजन पावत्यांवर ठेवलं होतं. तेलवाल्याच्या गल्ल्याचा पाय तोकडा होता, त्याखालून काढावं लागलं. शिंप्याकडे तराजू नव्हता, पण कापड दाबायला तीन वजनं होती. कुठून आली हे त्यानं सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. एका दुकानदारिणीनं नवऱ्याचं घोरणं बंद व्हावं म्हणून ते उशीखाली ठेवलं होतं.

"थांबलं का घोरणं?"

"नाही, काकू. पण एकदा फेकून मारायला झालं."

प्रत्येकाला पावती दिली: पितळी, पन्नास ग्रॅम, नग इतके, मंडळाचा ठसा स्पष्ट. आणि प्रत्येकाला सांगितलं की शनिवारी सकाळी दहाला केंद्रावर पडताळणी आहे, बघायला या. शुक्रवारी संध्याकाळी पिशवीत अठ्ठावन्न वजनं झाली. लेकीनं ती जमिनीवर मांडलेली बघितली.

"ही कशाला?"

काकूंनी सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि काकांनी ऐनवेळी सगळं बंद पाडलं तर? तोही डबा गेला आणि हाही."

"हो. तसं होऊ शकतं."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

लेक वजनं राखेनं घासायला बसली. का, ते काकूंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं हातातलं टाकून दिलं असतं.

केंद्र म्हणजे एका बंद बँकेची खोली. काउंटर तसाच होता, फक्त काचेपलीकडे सिस्टर बसत. मधोमध टेबलावर बाळांचा तराजू: एका बाजूला कापडाची झोळी, दुसरीकडे पारडं. भिंतीवर काचेच्या चौकटीत केंद्राचे नियम टांगलेले होते, बऱ्या काळातले. चौथा नियम होता, काट्याची पडताळणी लाभार्थ्यांच्या समक्ष करावी. इतकी वर्षं लाभार्थी घरी असतानाच पडताळणी होत आली होती.

दहा वाजता चोवीस आया बाळं घेऊन रांगेत होत्या आणि दाराशी दुकानदारांची गर्दी. निरीक्षक आत आला, ती गर्दी बघून थबकला, मग काकूंजवळ येऊन पुटपुटला, "नात कुठाय?"

"तेराव्या नंबरला."

"पहिली आणा म्हटलं होतं ना."

"बारा जणींनंतर आली ती. उशिरा उठतो आम्ही." असं म्हणून काकू रांगेकडे वळल्या. "बायांनो, जरा पुढे या. नियम चार आहे, तुमच्यासमोर काटा तपासायचाय. हा मंडळाचा नवा किलो." त्यांनी तो पारड्यात ठेवला. "आणि ही मंडळाचीच पन्नासची वजनं. प्रत्येकावर ठसा आहे, वाचून घ्या. किलोत पन्नासची किती बसतात?"

कुणी बोलेना. सरकारी जागेत प्रश्न विचारला की लोकांना वाटतं, उत्तर कुणाच्या तरी अंगाशी येणार. शेवटी शिंपी दारातून म्हणाला, "वीस. पहिलीतलं पोर सांगेल."

"मोजा तर."

काकू झोळीत एकेक वजन टाकत गेल्या आणि आया मोजू लागल्या. आधी दोघी-तिघी, ओठांतल्या ओठांत. दहाच्या पुढं सगळ्या, मोठ्यानं. अठराला दांडी आडवी झाली. काटा मध्यावर स्थिर.

"अठरा," काकू म्हणाल्या. "अजून दोन बाकी आहेत." त्यांनी ती टाकली. झोळी टेबलाला टेकली, आणि मंडळाचा किलो वर जाऊन लटकत राहिला.

खोलीत एक बाळ रडत होतं. मग रांगेतली पहिली बाई, जिचं बाळ दुपट्यात जेमतेम दिसत होतं, म्हणाली, "म्हणजे आम्ही महिनाभर घरी जे बघतोय, ते खरं आहे."

"ही वजनं जमा करायची होती, वहिनी," निरीक्षक म्हणाला.

"यादी बघा. शंभरपर्यंत आहे."

त्यानं खिशातून परिपत्रक काढलं, तिसरं पान उघडलं, पुन्हा मिटलं. "तरी या काट्यावर शिक्का मारावाच लागेल."

"काट्यावर मारते की. काटा बिचारा खरं बोलतोय." काकूंनी दांडीवर ठसा ठेवला, हातोडी मारली. "या किलोशी मात्र मी जुळवणार नाही. आज तोलणं पन्नासच्या वजनांनी होईल. कुठल्या वजनानं तोलायचं ते नियमांत नाही. सिस्टर, बघा बरं, आहे का?"

सिस्टर अकरा वर्षं त्या काचेमागे बसल्या होत्या आणि आजवर कुणाला हो किंवा नाही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी भिंतीवरचे नियम पहिल्यापासून वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले. "नाही," त्या म्हणाल्या, आणि वहीचं नवीन पान उघडलं.

"वहिनी, मला परवाना काढून घ्यावा लागेल."

"घ्या." काकूंनी शिक्का त्याच्या हातावर ठेवला. "पोच लिहून द्या, वेळेसकट. म्हणजे काट्यावरचा ठसा त्याच्या आधीचा आहे हे दिसेल."

त्यानं पोच लिहून दिली. लिहून द्यायची त्याला सवयच होती.

मग काम सुरू झालं. पारड्यात पन्नास वजनं, म्हणजे बरोबर अडीच किलो. बाळाची झोळी खाली गेली तर कार्ड, वर राहिली तर दूध. वर राहिली की एकेक वजन काढत नेमका आकडा घ्यायचा. आया स्वतःच मोजत होत्या, आणि एक चुकली की दुसरी तिला दटावत होती. पहिलं बाळ एकेचाळीस वजनांचं भरलं. दुसरं खाली गेलं, तर त्याची आई खट्टू झाली. शेजारीण म्हणाली, "अगं, पोर धष्टपुष्ट आहे म्हणून कुणी रडतं का?" आणि ती बाई रडता रडता हसली. सिस्टर प्रत्येक आकडा शाईनं लिहीत होत्या, खाली कार्बन घालून.

तेराव्या नंबरला लेक आली. बाळाला झोळीत तिनं स्वतःच ठेवलं. झोळी वर राहिली. काकूंनी वजनं काढायला हात पुढे केला, तर लेक म्हणाली, "तू नको. तू आजी आहेस, लोक म्हणतील." तिनं स्वतः चार वजनं काढली. दांडी आडवी झाली. "सेहेचाळीस. दोन किलो तीनशे. लिहा, सिस्टर."

पंधरा बाळं झाली तेव्हा अकरा अडीचच्या आत होती. सिस्टर उठल्या, कपाट उघडून बघितलं आणि परत आल्या. "डबे चारच आहेत. कमी पडले तर सगळ्यात हलक्या बाळाला आधी, असा नियम आहे."

सगळ्यांनी वहीकडे माना वळवल्या. काकूंच्या नातीचा क्रम सहावा लागत होता. लेकीनं तो बोटावर मोजला, पुन्हा मोजला. निरीक्षक तिच्याजवळ जाऊन खाली वाकला.

"बघितलंस ना? माझं ऐकलं असतं तर एक डबा आत्ता तुझ्या पिशवीत असता."

"असता, काका," ती म्हणाली. "या पहिल्या बाईचा."

एकेचाळीसवाल्या बाईनं मान वर केली नाही, पण बाकावर सरकून शेजारी जागा करून दिली. लेक तिथं बसली. उरलेल्या सहा जणीही बसल्या. ज्या चौघींना डबे मिळाले त्याही घरी जायला उठल्या नाहीत.

पावणेबाराला भिंतीवरचा फोन वाजला. फळ्यावर लिहायचा आकडा बाराच्या आत वर कळवावा लागे. निरीक्षकानं तो उचलला. "हो, साहेब. बरोबर. झालीच आहे पडताळणी." मग थोडा वेळ नुसतं ऐकलं. "गर्दी? हो, थोडी आहे. बंद करायचं? बरोबर." त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि खोलीकडे बघत म्हणाला, "केंद्र बंद करायला सांगतायत."

"करा की," शिंपी दारातून म्हणाला. "आत-बाहेर दोन्हीकडे आम्हीच आहोत."

कुणी हललं नाही. रांगेतल्या सोळाव्या बाईनं बाळ झोळीत ठेवलंसुद्धा.

"आकडा विचारतायत," निरीक्षक म्हणाला. त्यानं सिस्टरकडे बघितलं, सिस्टरनी वही त्याच्याकडे फिरवली. पंधरा ओळी, त्यांतल्या अकरा अडीचच्या आत, कार्बनसकट. त्यानं रिसीव्हर कानाला लावला. चार म्हणायचं तर चोवीस आया ऐकत होत्या. अकरा म्हणायचं तर नोकरी होती. त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही. रिसीव्हर काकूंपुढे धरला.

काकूंनी हातातली वजनं पदरात टाकली आणि फोन घेतला.

"काटेवाली बोलतेय. अकरा झाली, साहेब. कोण कोण ते नावानिशी वहीत आहे. डबे तुम्ही चारच पाठवलेत, सात आज लागतील." पलीकडून काहीतरी मोठ्यानं आलं. काकूंनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला, संपू दिलं, परत जवळ घेतला. "ते तुम्ही तुमच्या माणसाला विचारा, माझा परवाना त्यानं मघाशीच घेतलाय. मी आता नुसती बाळाची आजी आहे. आणि हे बघा, रांगेत अजून नऊ बाळं आहेत. तेव्हा गाडी काढाल ती जरा मोठीच काढा."